घोड्यासाठी रान बघताना

गेल्या उन्हाळ्यात सलग चार रविवार मी एका न घेतलेल्या घोड्यासाठी जमीन बघत हिंडलो. घोडा मित्राचा व्हायचा होता. मित्र सोलापूरचा, नोकरीतून नुकताच मोकळा झालेला. लहानपणी आजोळी एक घोडी होती, तिच्या आठवणीवर उरलेलं आयुष्य काढायचा त्याचा बेत. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर ते येडशी या पट्ट्यात तीन-चार एकर रान, त्यात नवरा-बायकोपुरतं घर आणि दोन-तीन जनावरांचा तबेला, एवढीच मागणी. एजंट मात्र आम्हाला नेत होता ते एकाहून एक सरस काळ्या रानात. विहीर, ऊस, डांबरी सडकेला लागून बांध. मित्र खूश होता. तिसऱ्या रविवारी अशाच एका रानाच्या कडेला शेळ्या घेऊन बसलेल्या मामांनी विचारलं, "कशासाठी बगायलाव?" घोड्यासाठी, म्हटल्यावर ते हसले. "मग काळं कशाला बगायलाव? पावसाळ्यात बैलबी हुबा ऱ्हात न्हाई तितं. घोड्याला माळ बगा की."

पुढे मी या विषयावर जेवढं वाचलं आणि जेवढ्या जाणकारांशी बोललो, त्यात मामांच्या या सल्ल्याहून मोलाचं काही सापडलं नाही.

शेतकऱ्याच्या लेखी भारी रान म्हणजे काळी कापसाची माती. पाणी धरून ठेवते, पीक जोमदार येतं. घोड्याच्या लेखी तिचा हाच गुण खोड ठरतो. या मातीतली चिकण पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. आषाढात तिच्यात पाय रुतला की तो उपसताना पायाच्या कंडरांवर ताण येतो, आणि घोड्याचा पाय म्हणजेच घोडा. चैत्रात त्याच रानाला भेगा पडतात, त्यातल्या काहींत अख्खं खूर अडकेल. शिवाय खूर दिवसेंदिवस ओलं राहिलं की तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग सडायला लागतो आणि त्याला उग्र वास मारतो. इकडे बालाघाटच्या डोंगररांगेवरचा मुरमाड माळ आहे. शेतकरी त्याला हलकं रान म्हणतो, कारण त्यात तूरसुद्धा नाखुशीने येते. पण पाऊस पडून गेल्यावर तासाभरात तो पायाखाली कोरडा होतो. कठीण, किंचित चढउताराच्या जमिनीवर वाढलेल्या शिंगराची खुरं घट्ट होतात. शेतीला टाकाऊ ते घोड्याला उत्तम, आणि स्वस्तही. जमिनीच्या बाजारात असा योग क्वचितच येतो.

हे ज्ञान या मुलखाला नवं नाही. पश्चिमेला परंड्याच्या अंगाने सीना वाहते आणि पुढे भीमेला मिळते. भीमा-नीरेच्या थडीवरच्या ज्या बुटक्या, काटक तट्टांवर मराठ्यांनी उत्तरेपर्यंत मजल मारली, ती भीमथडी जात याच कोरड्या दख्खनी माळांची. मधल्या काळात ती संपली असंच मानलं जात होतं. प्रत्यक्षात ती धनगरांनी जगवली. मेंढरांच्या कळपामागून पाठीवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी आणि चालता न येणारं कोकरू घेऊन जाणारी घोडी आपण सगळ्यांनीच रस्त्याच्या कडेला पाहिली आहे. आपण तिला घोडा म्हणून मोजलं नाही, एवढंच. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी यांच्या पंगतीत ती भारतातली आठवी जात ठरली. ही नोंद झाली तेव्हा देशात घोडे उरले होते किती? २०१९ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टू मिळून जेमतेम ३.४ लाख, म्हणजे आधीच्या गणनेहून ४५ टक्क्यांनी कमी.

आणि या जिल्ह्यात तर घोड्यासाठी जमीन देण्याची रीतच होती. हैदराबाद संस्थानात निजामाच्या फौजेसाठी घोडदळ बाळगायचं आणि त्याच्या खर्चासाठी मुलूख तोडून घ्यायचा, अशा सरदारांच्या जहागिरींना पायगा म्हणत. आपल्या 'पागे'चाच हा सख्खा भाऊ. गुंजोटी आणि लोहारा ही पायगेची गावं. म्हणजे उमरगा-लोहाऱ्याकडच्या कित्येक सातबाऱ्यांच्या मुळाशी खोदत गेलं तर कुठेतरी घोड्याची चंदी सापडते. मित्राला हे सांगितल्यावर त्याला फार आनंद झाला. वकिलाला सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला. कारण जमिनीचा इतिहास जितका रंगीत, तितका शोध लांबतो.

मराठवाड्यातल्या जमिनीचे कागद बघायचे तर पुण्या-साताऱ्याचा अनुभव पुरत नाही. इथली जुनी महसुली दप्तरं उर्दूत आहेत, आणि सन फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण लागतो. जहागिरी रद्द करणारा १९४९ चा कायदाच मुळी '१३५८ फसली' म्हणून ओळखला जातो. त्यामुळे "आजोबांनी १३४० साली घेतलेली जमीन" असं कोणी म्हणालं तर तुघलकाच्या काळात पोचू नका, १९३०-३१ म्हणा. १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पाहणी पत्रक काढावं आणि तिथपासून आजच्या सातबाऱ्यापर्यंत फेरफारांची साखळी जुळवत यावं. एक कडी तुटली तरी पुढे जाऊ नये.

या साखळीत काही शब्द दिसले की थांबायचं. 'भोगवटादार वर्ग २' हा पहिला. ही जमीन सरकारी परवानगी आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. 'मदतमाश' आणि 'खिदमतमाश' हे निजामकाळातल्या इनामांचे शब्द. पहिलं उपजीविकेसाठी दिलेलं, दुसरं देवस्थान, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठी. सेवा इनामाची जमीन सेवेकऱ्याची नसते, देवस्थानाची असते, हे विकणारा बहुधा सांगत नाही. तिसरा शब्द '३८-ई'. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० च्या या कलमाने संरक्षित कुळांना मालकी मिळाली. तेव्हा सातबाऱ्यावरचा आजचा मालक मूळ पट्टेदाराचा वारस आहे की कुळाचा, आणि दुसऱ्याने हरकत तर घेतलेली नाही ना, हे पाहावं लागतं. बहिणींची हक्कसोड झालेली आहे का, हा चौथा प्रश्न. तो मराठवाड्याचाच नाही, सगळ्या महाराष्ट्राचा आहे, आणि कोर्टातली निम्मी भांडणं त्याच्यावरच चालतात म्हणायला हरकत नाही.

आता घेणाऱ्याची पात्रता. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. पश्चिम महाराष्ट्रात हे कुळकायद्याच्या कलम ६३ ने होतं. मराठवाड्यात तेच काम वरच्या हैदराबाद अधिनियमाचं कलम ४७ करतं. माझ्या मित्राच्या वडिलांच्या नावे अक्कलकोटकडे दीड एकर होती, म्हणून तो सुटला. ज्याच्या नावावर किंवा घरात सातबारा नाही, त्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी तरी घ्यावी, नाहीतर सरळ बिगरशेती झालेला भूखंड बघावा. मधली वाट सांगणारे खूप भेटतात. 'फार्महाऊस प्लॉट, पाच गुंठे, रोडटच' असे फलक हायवेला जागोजाग दिसतात. तुकडेबंदीच्या कायद्याखाली २०२३ पासून जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. शेतीच्या पट्ट्यात त्याहून लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही. म्हणून पाच-सहा अनोळखी माणसांना एकाच सातबाऱ्यावर सामायिक चढवतात. पहिल्या वर्षी सगळे एकत्र हुरडा खातात, तिसऱ्या वर्षी बोअरच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. घोडा तर लांबच राहिला.

शेतात घर बांधण्याला मुळात मनाई नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'शेत इमारत' या शब्दाची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण, धान्य साठवणं, गुरांना निवारा देणं, आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाने व गड्यांनी राहणं, हे सगळं तिच्यात बसतं. गुरं म्हटल्यावर त्यात घोडा धरायचा की नाही, यावर चावडीत वाद घालण्याची हौस असेल त्याने घालावा. शहाण्याने नकाशावर गोठा आणि वैरणीचं कोठार दाखवून लेखी परवानगी घ्यावी. मात्र तिकीट लावून रपेट घडवणं, घोडेस्वारीचे वर्ग चालवणं, पाहुण्यांना खोल्या देणं हे शेतीत मोडत नाही. त्यासाठी बिगरशेती परवाना लागेल, किंवा राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करता येते का, ते बघावं लागेल.

कागदाच्या बाबतीत शेवटचं सांगतो ते रस्त्याचं. आम्ही पाहिलेल्या सातपैकी तीन रानांना नकाशावर रस्ताच नव्हता. "इथून जातो की आम्ही" म्हणत सगळे शेजाऱ्याच्या बांधावरून जात होते. असलेली वहिवाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येते. पण ही तरतूद शेतात ये-जा करता यावी म्हणून आहे. घोड्याची गाडी आणि कडब्याने भरलेला ट्रक वळेल एवढी रुंदी शेजारी सुखासुखी सोडत नाही. याच फेरीत मोजणी करून घ्यावी आणि इतर हक्कांच्या रकान्यात पवनचक्की कंपनीचा भाडेपट्टा तर नाही ना, ते पाहावं. वाशी-भूमच्या माळांवर पवनचक्क्या आल्यापासून हलक्या रानालाही मागणी आली आहे, आणि उच्च दाबाच्या तारांखाली कोणाला तबेला नको असतो. शक्तिपीठ महामार्गाची आखणी, सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्ग यांच्यात गट नंबर येतो का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

जमिनीचं झालं की पाणी. घोड्याला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच. चार घोड्यांचं पिणं, अंग धुणं, ठाण झाडणं मिळून रोजचे २५० लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना ३० हजार लिटर होतात. म्हणजे दहा हजारांचे तीन टँकर. माणसांचं आणि झाडांचं वेगळं. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण हा जिल्हा गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांच्या पाणलोटावर बसलेला आहे. मांजरा-तेरणा पूर्वेला पाणी नेतात, सीना-बोरी भीमेकडे, आणि मध्ये आपण बसतो खडकावर. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ती वेळ विसरण्याइतकी जुनी नाही. त्यामुळे बोअरला पाणी किती आहे, हे दसऱ्याला विचारू नका, अक्षय तृतीयेला जाऊन स्वतः बघा. माळ घेतला तर पाणी हाच तिथला खरा खर्च, हे मनात धरूनच किंमत बोला.

वैरणीचं गणित याहून मोठं, आणि तिथे आपले लोक हमखास चुकतात. घोडा हा बैल नव्हे. बैल रवंथ करतो, चार कप्प्यांच्या पोटात भरड चाराही मुरवतो. घोड्याचं पोट लहान, आणि चाऱ्याचं कुजणं-पचणं होतं ते मागच्या मोठ्या आतड्यात. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जायला हवं. अडलं की पोटशूळ उठतो, जनावर लोळतं, पोटाकडे वळून बघतं, घामाने निथळतं, आणि वेळेत उपाय झाला नाही तर काही तासांत जातं. म्हणून त्याला थोडं-थोडं, दिवसभर खायला लागतं. साडेतीनशे किलोचं जनावर वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा खातं, म्हणजे रोज सात किलो, वर्षाला अडीच टन. चार घोड्यांना दहा टन. इंग्लंडात एका घोड्याला एक-दीड एकर कुरण असा ठोकताळा आहे. तो वाचून आपल्या माळाचा हिशोब करायचा नाही. आपलं गवत श्रावणात हिरवं आणि मार्गशीर्षात काडी. आपलं रान घोड्याला पाय मोकळे करायला, पोट भरायला वैरण विकतच.

ज्वारी हे इथलं एक मुख्य पीक, तेव्हा कडबा मिळतो. पण नुसत्या जाड कडब्यावर ठेवलेल्या घोड्याचं पोट तटतं, आणि कोवळी हिरवी ज्वारी तर टाकूच नये. तिच्यातल्या विषाने गुरं मरतात हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. घोड्याला ती दिवसेंदिवस मिळाली तर मूत्राशय बिघडतं आणि मागचे पाय लुळे पडतात, हे फारसं ठाऊक नसतं. कडबा कुट्टी करून, त्यात लसूणघास मिसळून, सोबत माळावरचं वाळलेलं मारवेल किंवा पवन्या मिळाला तर घोडं सुखी. हे गवत कापायचं ते कुसळं धरायच्या आत. नंतर कापलं तर कुसळी हिरड्यांत रुतते आणि जनावर खाणं सोडतं. दुभत्या जनावरांची किंवा कोंबड्यांची तयार पेंड उचलून घोड्यापुढे ठेवणं हा आणखी एक घातक शॉर्टकट. त्यातल्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते पचतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं.

आणि कण्हेर. शेतघर बांधलं की पहिल्या पावसात कुंपणाला कण्हेर लावायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे, कारण तिला शेळी तोंड लावत नाही आणि पाणी लागत नाही. घोड्याने तिची मूठभर पानं खाल्ली तरी तो वाचणं कठीण. तयार घर घेत असाल तर पहिल्या दिवशी सगळी कण्हेर मुळासकट उपटा आणि तिच्या वाळल्या पानांचाही कचरा वैरणीजवळ ठेवू नका. वाळली म्हणून ती बिनविषारी होत नाही.

तयार घराचा विषय निघालाच आहे. धाराशिवकडच्या खेड्यांत अजून माळवदाची घरं मिळतात. दोन-तीन फुटी दगडी भिंती, सागवानी तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. आत शिरलं की मे महिन्यातही गार वाटतं. ढाळजेत बसून चहा घेतला की माणूस तिथेच इसार द्यायला निघतो. आम्हीही निघालो होतो. पण ही घरं बघताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट डोक्यात असायला हवी. गणपती विसर्जनाची रात्र, चारच्या सुमाराचा भूकंप. किल्लारीबरोबर आपल्या जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावं, लोहारा-उमरग्याचा पट्टा जमीनदोस्त झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्का जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता. माणसं मारली ती याच भिंतींनी आणि याच छतांनी. भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड हे दोन वेगळे पदर, मध्ये माती आणि खडी, दोघांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की पदर सुटतात आणि वरचा टनावारी मातीचा बोजा खाली येतो.

असं घर घ्यायचंच असेल तर माळवदाची माती उतरवून हलकं छत घालणं, भिंतींत आरपार बांधणीचे दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणं, छताच्या पातळीवर सगळीकडून फिरणारा पट्टा देणं, हे खर्च किमतीत धरा. आणि कृपा करून त्या गार वाड्याच्या परसात तशाच मातीच्या छताखाली घोडे बांधू नका. तेही झोपलेलेच असतात.

तबेला खरं तर साधी गोष्ट आहे. एका घोड्याला बारा बाय बारा फुटांची जागा, छत निदान बारा फूट उंच, समोरासमोर हवा खेळेल अशा मोकळ्या बाजू, लांबी पूर्व-पश्चिम म्हणजे दुपारचं ऊन आत येत नाही. पत्रा तापतो, म्हणून खालून दुसरा थर हवा. पाचट किंवा कडब्याचा घालू नका, आग लागली तर बांधलेलं जनावर सुटत नाही. वैरणीचं कोठारही याच भीतीने जरा लांब. खाली ठोकून बसवलेला मुरूम, मोरीकडे किंचित उतार. आपल्या भागात जिथे-तिथे शहाबादी फरशी घालतात, ती इथे नको. ओली झाली की नालाचा पाय तिच्यावरून सरकतो. गव्हाण खाली, मान वाकवून खाता येईल अशी. कुंपणाला काटेरी तार तर अजिबात नको. बैल तार दिसली की थांबतो, घोडा घाबरला की आधी पळतो आणि मग बघतो. चार घोड्यांची लीद रोज ऐंशी किलोच्या घरात जाते. खड्डा आधी खणा, वास सुटायची वाट बघू नका. त्या खताने मुरमाड रानातही दोन वर्षांत भाजी येईल.

येडशीच्या बाजूला रान घेणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावं. रामलिंग घाट अभयारण्याची हद्द कुठवर येते? २०२४ च्या अखेरीला तिथे टिपेश्वरकडून चालत आलेला वाघ दिसला. बिबटे आधीपासूनच आहेत. रात्री शिंगरू उघड्यावर ठेवायचे दिवस त्या भागात राहिलेले नाहीत.

एकटा घोडा ठेवू नये. तो कळपातला प्राणी, एकलकोंडेपणाने लाकूड कुरतडायला लागतो, तासन्‌तास डोलत राहतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर सोबतीला शेळी चालते. शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यातही ही युक्ती जुनी आहे. आणि उस्मानाबादी शेळीच्या माहेरी शेळी शोधायला लांब जावं लागत नाही. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीचं मात्र अजून तेच आहे.

सगळ्यात दुर्मीळ गोष्ट जमीनही नाही आणि पाणीही नाही. ती म्हणजे नालबंद. बैलाला पत्री मारणारे कारागीर बाजाराच्या दिवशी भेटतात, पण बैलाचं खूर दुभंगलेलं, त्याला दोन वेगळ्या पत्र्या. घोड्याचं खूर अखंड, खिळा बोटभर आत गेला तर जनावर लंगडं. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासावंच लागतं. जमीन बघायच्या आधी पन्नास किलोमीटरच्या आत असा हात असलेला माणूस आहे का, हे मी तरी विचारलं असतं. पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचं म्हणजे उदगीरचं, मग परभणी. धनुर्वाताची लस चुकवू नये, कारण घोडा या रोगाला फारच हळवा. डासमाशांच्या दिवसांत सर्रा येतो. अंग तापतं, उतरतं, जनावर वाळत जातं. आणि ग्लँडर्सची तपासणी केल्याशिवाय बाहेरचं जनावर आपल्या ठाणावर बांधायचं नाही. हा रोग माणसाला होतो, आणि लागण झालेलं जनावर कायद्याने मारावं लागतं.

घोडा घ्यायला बाजार पुष्कळ. दिवाळीच्या सुमाराला अकलूज, दत्तजयंतीला तापीकाठचं सारंगखेडा, मार्गशीर्षात खंडोबाचं माळेगाव, आणि येवल्याला तर दर मंगळवारी. तिथे पंचकल्याणी, देवमण, भोवऱ्यांच्या खुणा यांवर तासभर गप्पा चालतात. ऐकाव्यात, मजा येते. पण किंमत देताना खुरं, दात आणि चाल बघावी.

मित्राने शेवटी येडशीच्या अलीकडे तीन एकर मुरमाड माळ घेतला. वर्ग १ ची जमीन, कागद स्वच्छ. शिवरस्ता मोजून घेतला, पाण्यासाठी टाकी बांधली. कार्तिकात अकलूजहून एक कुमैत घोडी आणली आणि तिच्या सोबतीला मामांकडूनच एक काळी शेळी. तबेला उभा आहे. घराचा पाया अजून खणलेला नाही. तोवर नवरा-बायको धाराशिवात भाड्याने राहतात आणि रोज पहाटे साडेपाचला वैरण टाकायला माळावर जातात.